भिंगाखाली सोमवार दिसत नाही

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लालबागच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर काय उभं राहणार आणि कुणासाठी, याबद्दलचं पत्रक होतं. तिसऱ्याच ओळीत ‘हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे’ असं मी लिहून ठेवलं होतं आणि त्या ‘निर्विवाद’पाशी माझी पेन्सिल अडली होती. आत्याच्या हाती तो कागद गेला असता तर तिने त्या शब्दाशेजारी मुंगीएवढं प्रश्नचिन्ह काढलं असतं. माझं एकही पत्रक त्या मुंग्यांमधून सुटलेलं नाही. तेवढ्यात छापखान्याचे मालक नाना फोन ठेवून आले आणि त्यांनी चालतं यंत्र बंद केलं. छपाई सुरू असताना यंत्र थांबवणारा तो माणूस नव्हे. “उजू, हॉस्पिटलातनं फोन होता,” ते म्हणाले, “तू बस आधी.” मी बसलेलीच होते...

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात जागा पुरली नाही. माणसं पायऱ्यांवर, रस्त्यावर उभी होती. चाळीतल्या खोलीतून परदेशातल्या परिषदांपर्यंत गेलेली शास्त्रज्ञ, समाजाची शान, मुलींचा आदर्श असं बरंच बोललं गेलं. संस्थेकडून आलेल्या एका गृहस्थांनी तिने भूषवलेली पदं वाचून दाखवली. सगळं खरंच होतं. पण काळ्या ठिपक्यांबद्दल कुणी बोललं नाही आणि सोमवारबद्दलही नाही. या दोन गोष्टी वगळल्या तर माझी आत्या उरतच नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सुमन ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. परळच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेत तिने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर हयात घालवली. साध्या सूक्ष्मदर्शकाला पेशी दिसते, या यंत्राला पेशीच्या आतला संसार दिसतो, असं ती सांगायची. आमचं घर मात्र गिरणीच्या कार्डिंग खात्यातलं. आजोबा तिथे, बाबाही तिथेच. कार्डिंगमध्ये कापूस विंचरतात आणि त्याची बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगत असते. विणकामाच्या खात्यात पगार बरा आणि धूळ कमी, पण आजोबांच्या काळी आमच्या माणसांना तिथे पाऊल ठेवू देत नव्हते. मागावर फिरणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमचं तोंड लागलेला धोटा दुसरा कुणी तोंडाला लावणार कसा? पुढे कायदे बदलले, देश स्वतंत्र झाला, पण नोकरी बापाकडून मुलाकडे आली ती खात्यासकट आली. कुणाच्या छातीत किती धूळ जायची हे या शहरात जातीने ठरवून दिलं होतं. ही गोष्ट मी कितीतरी पत्रकांत लिहिली आहे. तिच्याशेजारी आत्याने कधी प्रश्नचिन्ह काढलं नाही.

बाबा पाळीवरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या केसांवर पांढरी लव असायची. आत्या कॉलेजात गेली आणि पहिल्यांदा तिच्या हाती सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा बाकीच्या मुलांनी कांद्याची साल नेली होती. हिने भावाच्या भुवईवरचा कापूस कागदाच्या पुडीत बांधून नेला. संध्याकाळी येऊन तिने बाबांना सांगितलं, “दादा, तुझ्या डोळ्यांवर नुसत्या पिळलेल्या फिती आहेत रे.” बाबा म्हणाले, “मग उद्यापासून वेणी घालून जातो.” हा विनोद आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चालला. पण सुती धाग्याचा तो पीळ तिच्या नजरेत बसला तो कायमचा.

मी अक्षरं शिकले ती बाबांनी खिशातून आणलेल्या पत्रकांवर. ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मला पाठ होतं, बडबडगीतं नंतर आली. त्यामुळे आत्याचं यंत्र पाहायला मी पहिल्यांदा संस्थेच्या तळघरात गेले, ती ते कुणाच्या कामाचं हा प्रश्न घेऊनच. ते यंत्र तळघरात ठेवलं होतं, कारण त्याला जमिनीची थरथर सोसत नाही. रस्त्यावरून मालाने भरलेला ट्रक गेला तरी पडद्यावरचं चित्र धूसर होई. शेजारीच गिरणी होती. तिथली यंत्रं पाळीभर धडधडत असत आणि ती धडधड मातीतून तळघरात शिरत असे. आत्याने तिथे टिकलीएवढी तांब्याची जाळी चिमट्यात धरून मला दाखवली. तिच्यावर मांसाचा इतका पातळ काप होता की मला काहीच दिसला नाही. त्या जाळीवर वाकताना ती श्वास रोखायची आणि मग मान डावीकडे वळवून, जाळीपासून दूर, हळूच सोडायची. तेव्हा मला ती लकब नवीन होती. पुढे तीच सुईत दोरा ओवताना दिसली, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावताना दिसली, आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना दिसली.

ती सवय तिला कशी लागली हे सांगण्यासाठी संपाकडे यावं लागेल. संप सुरू झाला आणि गिरणगाव गप्प झालं. भोंगे थांबले, धडधड थांबली. आमच्या खोलीत चहातलं दूध गेलं, मग आईच्या कानातलं गेलं, मग धाकट्या मामाकडे गावी एकेक पोर रवाना झालं. आणि तळघरात, त्याच महिन्यांत, आत्याच्या यंत्रावर आयुष्यातली सर्वांत स्वच्छ चित्रं उमटू लागली. जमीन निश्चल होती ना. “तुमच्या उपासावर माझी चित्रं निघतायत,” असं ती एकदा आईला म्हणाली आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. आई तिला थांबवत म्हणाली, “वन्सं, खाऊन घ्या. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून गिरणीवाला काही पाघळणार नाही.”

त्याच दिवसांत आत्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती पाहायला यंत्र लागलं नव्हतं. ती एका सोमवारी दुपारी आमच्याकडे आली तर बाबा गॅलरीत बसून शेजारच्या पोराला पतंगाची कणी बांधून देत होते आणि शीळ घालत होते. आत्या दारातच थबकली. “वहिनी, आज सोमवार ना? दादा शीळ घालतोय.” आई म्हणाली, “संपाने आम्हाला दिलं ते एवढंच.” कारण आमच्या घरात सोमवार म्हणजे बाबांचा छातीवर हात. रविवारची सुट्टी संपवून ते कामावर जायचे आणि दुपारपर्यंत त्यांची छाती आवळून यायची. आठवडा पुढे सरकला की हळूहळू सैल व्हायची. आम्ही त्याचा दोष रविवारी खाल्लेल्या सुकटीला द्यायचो.

त्या स्वच्छ चित्रांमध्ये आत्याला पेशींच्या आत काळे, रेखीव ठिपके दिसले. आजवर कुणाला न दिसलेले. तिने ते पुन्हा पुन्हा पाहिले, शोधनिबंध लिहिला, तो परदेशात छापून आला. विभागप्रमुखांचं नाव वर होतं, तिचं खाली, आणि मध्ये अरविंद नावाच्या तिच्या सहकाऱ्याचं. अरविंद गिरगावचा. दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं. त्याच्या आईने वर्षभर तोंड फिरवून शेवटी आत्याला घरी पोहे खायला बोलावलं होतं. अभिनंदनाची पत्रं आली. संस्थेत पेढे वाटले गेले. संप तोवर चिरडला गेला होता. बाबांना पुन्हा कामावर घेतलं ते ‘संपात नव्हतो’ असं लिहून घेऊन, आणि पहिल्याच सोमवारी ते खोलीचा जिना बसत बसत चढले.

मग आत्याला शंका आली. शंका येणं हाच तिचा धंदा होता. ते काप दिसावेत म्हणून त्यांच्यावर शिशाचं द्रावण चढवावं लागतं, आणि माणसाचा उच्छ्वास त्या द्रावणाला लागला तर त्यातून बारीक साका धरतो. यंत्राखाली तो साका काळा दिसतो. हे पुस्तकात होतं, तिला माहीत होतं, ती काळजी घेत असे. पण त्या महिन्यांत ती आमच्या घरून निघून, पोटात काही नसताना, जाळीवर वाकून बसत होती आणि सुस्कारे टाकत होती, हे तिचं तिला कळलं नव्हतं. तिने सगळं पुन्हा केलं. या वेळी झाकणाखाली, नाकातोंडाला फडकं बांधून. ठिपके नव्हते... जगाने वाखाणलेला तिचा शोध हा तिचाच श्वास होता.

अरविंद म्हणाला, “कोण एवढं तपासायला येतंय? वर्षभराने लोक विसरतील.” ती म्हणाली, “मी तपासलंय ना.” तिने निबंध मागे घेत असल्याचं छापायला पाठवलं आणि त्यात कारणही सरळ लिहिलं. विभागप्रमुखांनी तिच्याशी बोलणं सोडलं. तिची बढती तिच्या हाताखाली शिकलेल्याला मिळाली. गिरगावातून पुन्हा पोह्यांचं बोलावणं आलं नाही. काही जण म्हणत होते, “शेवटी यांची कुवत दिसली.” हे वाक्य ज्यांनी उच्चारलं त्यांचे चुकीचे निबंध आजही संस्थेच्या कपाटात दिमाखात उभे आहेत. चूक कबूल करण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. हेही जातीने ठरवून दिलेलं आहे, आणि या वाक्याशेजारी कुणाला प्रश्नचिन्ह काढायचं असेल तर त्याने खुशाल काढावं.

बाबा त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. शेवटी त्यांना उशीला टेकून बसताही येत नव्हतं, पुढे वाकून गुडघ्यांना मिठी मारून बसत. हॉस्पिटलात डॉक्टरांनी शवतपासणीसाठी विचारलं तेव्हा आईने आत्याकडे पाहिलं आणि आत्याने मान हलवली. स्वतःच्या भावाचं फुफ्फुस तिने स्वतः पाहिलं. दुसऱ्या कुणाला ते करू दिलं नाही.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते, आणि माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. ‘गिरणीने मारले, शास्त्राने सिद्ध केले.’ खाली फक्त तिची सही हवी होती. मी तळघरात गेले.

“काय दिसलं?”

“फुफ्फुसात बारीक बारीक खोल्या असतात. त्यांच्यातल्या भिंती मोडल्यात. नळ्या सुजल्यात.”

“मग झालं तर. लिहून दे.”

“विडी ओढणाऱ्याचंही असंच दिसतं, उजू. आणि दादा विडी ओढायचा.”

“सगळेच ओढतात.”

“तेच म्हणतेय मी.” ती चष्मा पुसत राहिली. “कापूस शोधला गं. सगळे काप शोधले. तो पीळ मला झोपेतही ओळखता येईल. नाही सापडला. कापूस छातीत राहत नाही. आपलं काम करतो आणि निघून जातो.”

“म्हणजे गिरणी सुटली.”

“मी भिंगाखालच्या काचेबद्दल बोलतेय, गिरणीबद्दल नाही.”

“तुला संस्थेची भीती वाटते.”

“वाटते की. पण ती नसती तरी हेच म्हणाले असते.”

मी म्हटलं, मला दाखव ती काच. ती नाही म्हणाली. “आत्ता तू रागात बघशील. मन भरलेलं असताना बघितलं की आपलाच श्वास दिसतो. मला विचार ते. नंतर दाखवीन.” मी जिना चढून वर आले आणि पुढे कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाही. माझा बाप मेला होता आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला त्याचा खुनी दिसत नव्हता. तो राग खोटा होता असं मला आजही वाटत नाही.

ती एका सोमवारी चाळीत आली. मुद्दाम सोमवारी. दार ढकलून आत येत म्हणाली, “काय गं पत्रकवाली, पाणी देतेस का?” मी पाणी दिलं. “दादा सोमवारी कसा असायचा?”

“तुला माहीत आहे.”

“मला आहे. तुझ्या पत्रकात आहे का?”

मग तिने सांगितलं. गेले काही आठवडे ती डॉक्टरांची पुस्तकं वाचत होती. कापसाच्या धुळीचा आजार सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळतो, हीच त्याची ओळख. एक दिवस विसावा मिळाला की छाती मोकळी होते आणि पुन्हा धूळ लागली की बंद होते. संपात बाबा शीळ का घालत होते, ते आता कळलं. “विडीला वार कळत नाही, उजू,” ती म्हणाली. “माझ्या भिंगाखाली सोमवार दिसत नाही. तो माणसांना विचारावा लागतो. चल, उठ.”

आम्ही चाळी फिरलो. आणि मग मैदानात सभा झाली. टेबलावर उभं राहायला आत्याला मी हात दिला. पांढरी साडी, जाड चष्मा. मागून कुणीतरी म्हणालं, “शाळा भरली वाटतं.” हशा झाला. माइकची सवय नसल्याने ती फार जवळून बोलली.

“मी माझ्या भावाचं फुफ्फुस तपासलं. मला त्यात कापूस सापडला नाही.”

पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला. “बाई, तुम्ही कुणाच्या बाजूने?”

“बसा बाबा, सांगते. सुट्टी झाल्यावर सोमवारी पाळीवर गेलं की कुणाकुणाची छाती आवळते? शनिवारी नाही. सोमवारी. हात वर करा.”

कुणी हलेना. गिरणीतला माणूस चारचौघांत छातीचं दुखणं सांगत नाही, कामावरून काढतील ही भीती त्याच्या हाडात बसलेली. मग एका बाईने आपल्या नवऱ्याचं मनगट धरून वर केलं. “ह्यांचा धरा. लाजतायत.” लोक हसले, आणि हसता हसता हात वर जाऊ लागले. कार्डिंगचे, कापूस पिंजणाऱ्या ब्लो रूमचे, आमच्याच माणसांचे बहुतेक. शेवटी मागच्या बाजूला बसलेल्या काही बायकांनी स्वतःचे हात वर केले. त्यांचे नवरे आता नव्हते. आत्या त्या हातांकडे बघत राहिली... तशीच टेबलावरून उतरली.

काय झालं पुढे? नव्या पत्रकात ‘सिद्ध’ हा शब्द नव्हता, त्यात फक्त सोमवार होता, आणि मी लिहिलेलं ते एकमेव पत्रक जे लोकांनी घडी घालून ठेवलं. अर्ज गेले. एका कचेरीने दुसरीकडे धाडले. मालकांनी उत्तर दिलं नाही, त्यांनी गिरणीच बंद केली. आजाराची भरपाई कुणालाही मिळाली नाही. संस्थेने आत्याकडे खुलासा मागितला की राजकीय सभेत संस्थेच्या कामाबद्दल बोललात कशा. तिने लिहून दिलं, ‘काचेत जे दिसलं नाही तेवढंच मी संस्थेच्या कामाबद्दल बोलले.’ यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. निवृत्तीपर्यंत ती नव्या मुलांना काप कसे काढायचे ते शिकवत राहिली. श्वास कुठे सोडायचा, हे आधी.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. तिने स्वतःची स्लाइड मागवून पाहिली. काय दिसलं ते कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी चष्मेवाल्याकडे टाकलेल्या नव्या काचा रद्द केल्या. “जुन्या पुरतील,” म्हणाली. शेवटच्या भेटीत ती फार थकली होती. माझा हात हातात घेऊन तिने विचारलं, “अजून रागात आहेस?”

“आहे.”

“असू दे. आता चालेल.” थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाली, “माझ्या दादरच्या खोलीवर जाशील तेव्हा खिडकीतल्या मायक्रोस्कोपवरचं कापड झटक. धूळ बसते.”

विहारात त्या दिवशी शेवटच्या रांगेत एक पिकल्या केसांचे गृहस्थ पांढरा सदरा घालून उभे होते. मी अरविंदला ओळखलं. बोलायला गेले तोवर ते निघून गेले होते.

मागच्या आठवड्यात मी दादरच्या खोलीवर गेले. संस्थेने भंगारात काढलेला जुना पितळी सूक्ष्मदर्शक तिने स्वतःसाठी आणला होता, तो खिडकीत होता. त्याच्यावर आईने शिवलेला मांजरपाटाचा अभ्रा. बाबांच्या गिरणीचंच कापड ते. मी ते उचलून दाराबाहेर नेऊन झटकलं आणि परत आले तेव्हा पाहिलं, भिंगाखाली एक काच आधीच लावून ठेवलेली होती. चिठ्ठीवर तिच्या बारीक अक्षरात दोनच अक्षरं. दादा.

मी खालचा आरसा खिडकीकडे वळवला आणि डोळा लावला. आधी दिसतं ते सांगायचं, नाव नंतर, असं ती म्हणायची. फिकट गुलाबी रेघा दिसल्या. काही ठिकाणी जांभळे ठिपके. रेघा मध्येच तुटलेल्या, टोकं लोंबत असलेली, आणि त्यांच्यामध्ये मोठमोठ्या पांढऱ्या मोकळ्या जागा. कापूस नव्हता. मी खूप शोधला, कुठेच नव्हता. खिडकीतला उजेड त्या मोकळ्या जागांमधून आरपार येत होता. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक... छाती भरून आली तेव्हा कळलं की मी वाकल्यापासून श्वास रोखून धरला आहे. मान डावीकडे वळवून, काचेपासून दूर, मी तो हळूच सोडला.